वल्ही आशुतोषला

मी, गुरुनाथ विष्णू टिपणीस, वय एकाहत्तर, मूळचा पेणचा, सध्या राहणार मलिंगारजवळ, जिल्हा वेस्टमीथ, आयर्लंड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. येत्या मंगळवारी माझी बायपास आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. पण मी आयुष्यभर औषधांच्या कारखान्यात क्वालिटी तपासली. काळजी करण्याचाच पगार घेतला. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुठे सापडलंच, तर ते रद्द समजावं.

राहतं घर, मागची शेड आणि तळ्यावरची आमची नाव माझ्या पश्चात माझी पत्नी प्रभा हिची, बिनशर्त. आशू, हे तुझ्यासाठी ठळक लिहितोय. दिवाळीत तू म्हणालास, "आई एकटी कशी राहील? घर विकू, ती स्वोर्ड्सला आमच्याकडे येईल." तुझी माया कळते रे. पण स्वोर्ड्सला शेजारी विमानतळ आणि डोक्यावर विमानं आहेत, आमचं तळं नाही. तुझ्या त्या एवढ्याशा बॉक्सरूममध्ये ती महिन्याभरात म्हातारी होईल. ती तुला नाही म्हणणार नाही, म्हणून मी म्हणतो. तिला या घरातून कोणी हलवायचं नाही.

डोंबिवलीचा फ्लॅट मुलगी चैत्राली हिचा. बँकेतली शिल्लक दोघा मुलांत सारखी. मृत्युपत्राची अंमलबजावणी चैत्रालीने करावी, तिला कागदपत्रं वाचायचा कंटाळा नाही. फक्त आईच्या शालूबद्दल विचारू नये. तो माझा नाहीच, तिचा आहे, आणि निम्मा तळ्यात गेलाय. काठ उसवून त्याची जरतार ती मासेमारीच्या गळावर लावायच्या नकली माश्यांना गुंडाळते. पहिल्यांदा कात्री लावली तेव्हा मी दोन दिवस अबोला धरला होता. मग त्याच माशीवर तिने असा ट्राउट मासा काढला की अख्खा धक्का बघायला आला. अबोला तिथेच संपला.

हे ट्राउट हॅचरीच्या टाक्यांत वाढवून वसंताच्या तोंडावर तळ्यात सोडतात. मी हिणवायचो, "हॉस्टेलची पोरं ही, आयत्या जेवणाला सोकावलेली. यांना पकडण्यात कसली मर्दुमकी?" प्रभा म्हणाली, "अहो, आपणही बाहेरून आणून सोडलेलेच की इथे. जगलो ना? मग त्यांना नावं ठेवू नका." त्यानंतर मी ठेवली नाहीत.

तिला रॉडने गळ टाकताना मी इतकी वर्षं पाहतोय, अजून मन भरत नाही. मार्चचा वारा कान कापत असतो, डोक्याला माकडटोपी, आणि मनगट एवढंसं हलतं. दोरी पाण्यावर अलगद उतरते. पहिल्या वर्षी इथल्या मासेमारी मंडळाचे सेक्रेटरी नोएल गेरेटी तिला म्हणाले होते, "चहा शेडमध्ये आहे, लव्ह." आता तेच दर सीझनला टोपी काढून विचारतात, "प्रभा, आज मासे कुठली माशी घेतायत?" आणि ती खरं सांगते. मी तिच्या जागी असतो तर सांगितलं नसतं. घरी आल्यावर मासा आमसुलात शिजवते आणि दर वेळी म्हणते, "फिक्काच आहे मेला." आणि दुसरा वाढून घेते.

माझा रॉड, ज्याने आजवर फक्त गवत पकडलं, नात रेवा हिला. तो चालवायला तिने आजीकडून शिकावं; आजी मराठीत शिकवेल, तिने खुशाल इंग्रजीत उत्तरं द्यावीत. माझे मित्र नंदकुमार सबनीस यांचा या रॉडवर जुना डोळा आहे. इथल्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, म्हणून मी त्यांनाच साक्षीदार केलं आहे. हे त्यांना सही झाल्यावर सांगावं.

मी मार्चात गेलो, तर प्रभाने तेराव्याची वाट पाहू नये. हवा बरी असेल त्या दिवशी तळ्यावर जावं. सुतक माशांना नसतं.

आता राहिली वल्ही. प्रभा नाव वल्हवत नाही, कारण आजवर मी वल्हवली. माझं कर्तृत्व तेवढंच, आणि त्याचा मला फार अभिमान आहे. वाऱ्याला नाव आडवी धरायची, तिची दोरी मोकळी राहील असं बसायचं, आणि गप्प राहायचं. गप्प राहणं सगळ्यात कठीण. वल्ही आशुतोषला.

डॉक्टरांनी मला वल्ही हातात धरायला बंदी केली आहे आणि सीझन उद्या उघडतो. म्हणून हे एकच कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही, ते उद्या सकाळपासून लागू. आशूला आत्ताच फोन केला. घराचंही सांगितलं. मग म्हणाला, "ग्रँड, बाबा, चालेल. किती वाजता येऊ?"

सही: गुरुनाथ विष्णू टिपणीस

साक्षीदार, आम्हा दोघांसमोर सही झाली:
१. नंदकुमार सबनीस (वाचू न देता सही घेतली)
२. नोएल गेरेटी (मराठी वाचता येत नाही, तरी दोनदा विचारलं, प्रभाचं नाव कुठे कुठे आहे)

स्थळ: तळ्याचा धक्का, गाडीच्या बॉनेटवर
दिनांक: २८ फेब्रुवारी २०२५