बेस बंद केल्यानंतर

रत्नागिरी, मंगळवार, सायंकाळ

सुनेने, मुक्ताने, आज तिच्या नव्या गाण्याचा बेस, म्हणजे खर्जातला सूर, ऐकवला. ठोका पडताच बेस क्षणभर दाबायचा. त्या पोकळीमुळे तो परत उसळताना जड वाटतो, असे तिचे तंत्र. इतका खालचा सूर कानांपेक्षा छातीतच कळतो. पेल्यातले पाणी थरथरत होते. मी डोळे मिटून दोष काढलाच.

"मधूनच एक ठोका गळतो आहे."

"बाबा, ठोके कॉम्प्युटर मोजतो. तर्कशास्त्राचे पेपर तपासून झाले, आता माझे?"

"गळतो आहे. छातीत स्पष्ट जाणवते."

"अहो, पण मी केव्हाच बंद केलंय!"

डोळे उघडले. पेल्यातले पाणी स्थिर होते. छातीत मात्र पुन्हा एक ठोका गळला.

कारण सरले आणि कार्य उरले, तर कारण दुसरे असले पाहिजे. हे अनुमान मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. आज त्यात दोष शोधतो आहे; सापडत नाही. मग तिच्यापुढे "वय झाले" म्हणून हसलो कशासाठी? भीती वाटली, हेच खरे उत्तर.

पेला समोर आहे. पाणी स्थिर. डावा हात छातीवर ठेवून मोजतो आहे. चार आले, पाचवा आला नाही.

मुक्ताला हाक मारतो.