पासपोर्टचं मागचं पान

मिरकरवाडा

बेटा जिब्रान,
सलाम. पासपोर्ट हरवला, असं काल तुला फोनवर सांगितलं ते खोटं होतं. तो पेटीत, तुझ्या अम्मीच्या शालीखाली आहे. हे पत्रही बहुतेक तिथेच जाईल.

दोह्यात तुझ्या कंपनीत माझ्यासाठी स्टोअरकीपरची जागा निघाली, तेव्हा मी गुडघ्याचं कारण काढलं. गुडघे ठणठणीत आहेत, अजून बंदरावर बर्फाच्या पाट्या उचलतो. पण एजंट म्हणाला, "चाचा, या नोकरीच्या व्हिसाला दहावीचं सर्टिफिकेट लागेल."

मग तू म्हणालास, "अब्बा, व्हिजिट व्हिसावर महिनाभर तरी या, त्याला सर्टिफिकेट लागत नाही." लागत नाही, खरं. पण पासपोर्टच्या मागच्या पानावर ईसीआर छापलंय. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ते येतं, हे तिकडे तुम्हा सगळ्यांना ठाऊक. विमानतळावर तू तो हातात घेतलाच असतास.

तू दहावीला गणितात राहिलास, त्या दिवशी बंदरावर मासळीच्या भर लिलावात मी तुला पट्ट्याने मारलं. "मी पहिल्या फटक्यात पास झालो होतो," असं ओरडत होतो.

मीही गणितातच राहिलो होतो, बेटा. माझ्या बापाने मला जवळ घेतलं होतं.

तुझा,
अब्बा