राहण्यास अयोग्य

लँकेशायर, ७ ऑक्टोबर १९६६

प्रिय विनी,

तुझं टोरांटोहून आलेलं पत्र मिळालं. इकडची बातमी एकच. आपली गार्नेट स्ट्रीट नकाशावर गुलाबी झाली. मोडकळीला आलेल्या घरांची जमीन नगरपालिकेला सक्तीनं घेता येते, आणि अशी घरं गुलाबी रंगवतात. रंगवणाऱ्या खात्यात मी आहे, हे गल्लीत कोणी बोलून दाखवत नाही. पबमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहते, एवढंच.

तपासनीस येणार म्हटल्यावर नवं घर मिळावं म्हणून बायकांनी भिंतींची ओल दाखवायची, तर यांनी ती लपवली. दगडानं घासून उंबरे पांढरेशुभ्र केले, पडदे धुतले. आईनं मागच्या खोलीच्या भिंतीला फुलाफुलांचा नवा कागद चिकटवला आणि तपासणीला आलेल्या, माझ्या हाताखालच्या क्रॅबट्रीला केक खाऊ घातला. आपल्या घराला कोणी गलिच्छ म्हणू नये, बाकी काही नाही. केक खाऊन पठ्ठ्यानं घर चांगलं असल्याचं लिहून टाकलं. मीच त्याला परत पाठवलं. कपाट सरकव आणि अंगठा दाबून बघ, म्हटलं. अंगठा कागदातून आत गेला.

सुनावणीला आई चर्चची टोपी घालून आली. मी नगरपालिकेच्या बाकावर होतो. 'माणसांनी राहण्यास अयोग्य' असं वाचून दाखवल्यावर ती उठली आणि म्हणाली, "अडतीस वर्षं राहिलोय आम्ही तिथं. मग आम्ही कोण होतो, तेही लिहा की." अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. निकाल बदलला नाही. अहवाल बरोबर होता, तरी मला लाज वाटली.

घर चोवीस तारखेला रिकामं करायचंय. नव्या घरात न्हाणीघर आहे, नळाला गरम पाणी आहे. किल्ली माझ्या खिशात पडून आहे. आई जागची हलत नाही. म्हणते, गेल्या हिवाळ्यात पन्हळ फुटली म्हणून ओल आली, एरवी भिंत कायम कोरडी, हवं तर विनीला विचारा.

म्हणून हे पत्र. माझं ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल. तिला खरं ते कळव. लहानपणी आपणा भावंडांची उशी रोज सकाळी ओली असायची आणि तिला वाईट वाटू नये म्हणून आपण ती उलटी करून ठेवायचो, एवढंच लिही. आल्फी आपल्यात धाकटा, त्याला ऊब मिळावी म्हणून ती त्याला आतल्या बाजूला, भिंतीकडे झोपवायची, आणि तिथंच खोकून खोकून तो गेला, हे मात्र लिहू नकोस.

तुझाच, निदान कचेरी सुटल्यावर तरी,
हॅरॉल्ड