दोघांत एक

सोमवार, ४

नववीला नाणी वाटली. दहा वेळा उडवा, छापे मोजा. अपेक्षित किती? पाच! — अख्खा वर्ग एका सुरात. मग काय, नाणी बाकांखाली, पोरं नाण्यांमागे. नुसता बाजार!

लांब वेणीवालीला ओळीने सात छापे पडले. “बाई, आता काटा येणारच! त्याची पाळी आहे!” म्हटलं, नाण्याला पाळीबिळी कळत नाही, बयो. आधी काय पडलं ते त्याच्या गावीही नसतं. दर वेळी निम्मी शक्यता, बस.

घसा बसलाय.

बुधवार, ६

दादाकडे गेले. कप आता दोन्ही हातांनी धरतो, तरी चहा बशीत. बाबांचं दुखणं असंच सुरू झालं होतं. वहिनी फडकं घेऊन शेजारीच बसते.

मग तोच म्हणाला, “डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? बापाकडून पोराला यायची शक्यता निम्मी. आपण किती? दोघं. म्हणजे दोघांत एक! मी घेतलं — तू सुटलीस, चिमणे!” छाती फुगवून! लहानपणी माझ्या वाटचा मार स्वतः खायचा, तेव्हाही असाच मिरवायचा.

अगदी ओठांवर आलं होतं — अरे, ‘दोघांत एक’ ही सरासरी. दोघांनाही येईल, नाहीतर एकालाही येणार नाही. तुझ्यामुळे माझं काही बदलत नाही. आयुष्यभर हेच तर शिकवत आलेय! गिळलं. चहा गार झाला होता, तोही गिळला.

गुरुवार

तपासणीला रक्त देऊन आले. दादाला सांगितलंय. भीती वाटेल वाटलं होतं. कसचं काय! येताना भाजी घेतली, निवडली, केली. जेवले. चव कळली नाही.

शनिवार

वहिनीचा फोन. “वन्सं, हे येईल-जाईल त्याला सांगतात, बहिणीवरचं मी झेललं म्हणून. तेवढ्यावरच उभे आहेत हो. तुम्ही गणित समजवायला जाऊ नका.”

नाही जाणार, म्हटलं.

रविवार

काही नाही. पडून होते.

मंगळवार

चाचणीचे पेपर तपासले. दोन नाणी, अपेक्षित छापे किती? सगळ्यांचं उत्तर ‘एक’. वेणीवालीने पुढे लिहिलंय — ‘पण दोन्ही पडले तर आपण काय करणार?’ पूर्ण गुण दिले. मग पेन तसंच हातात धरून बसले. रडू येईल वाटलं. नाही आलं.

शुक्रवार

डॉक्टरीणबाई आधी “बसा” म्हणाल्या, तेव्हाच कळलं. मलाही आहे.

दवाखान्याच्या पायरीवरूनच दादाला फोन लावला. “सुटले रे!”

तो हमसून हमसून रडला. आनंदाने! “बघ! मी म्हटलं नव्हतं?”

म्हटलं, तुझं गणित बरोबर आलं, दादा.