स्तामेनच्या खिशातलं हाड

१४ सप्टेंबर
दारावर लावलेला नवऱ्याचा, स्तामेनचा, मृत्यूचा कागद पावसाने पुसट झाला. फोटोत मिशा तेवढ्या उरल्यात! नऊ नोव्हेंबरला वर्ष होईल, गावाच्या रीतीने नवा कागद लावायचा. लिहायचं काय? ‘गुहेत पडून गेला’ – आणि पुढे?

शेजारची गेर्गिना कुंपणावरून म्हणाली, “अगं विदे, लोकांचे नवरे खाणीत जातात, लढाईत जातात. तुझा कोंबडीच्या तंगडीपायी गेला!” वर भाजलेल्या मिरच्याही दिल्या.

१५ सप्टेंबर
त्याच्या खिशात सापडलेलं हाड काढून बसले. बोटाएवढं, तपकिरी, दगडासारखं जड. तो म्हणायचा, गुहेत तेत्रेवची हाडं आहेत – रानकोंबड्यासारखा काळा पक्षी, आमच्या डोंगरातून केव्हाच नाहीसा झालेला. खरं असेल तरच कागदावर लिहीन.

२२ सप्टेंबर
वाचनालयातून पुस्तक आणलं. कोंबड्याच्या पायाला मागे काटा असतो, तेत्रेवच्या नराला नसतो. म्हातारा कोंबडा कापला, सोडा घालून उकळला, पायाची नळी ब्रशने घासली. काटा आहे. स्तामेनच्या हाडाला नाही! मी नाचायचीच बाकी होते.

गेर्गिना डोकावली. “आणि कोंबडीला असतो का गं काटा?”

नसतो. कोंबडा फुकट गेला.

६ ऑक्टोबर
पाय दुखतात. काही वाचलं नाही.

२७ ऑक्टोबर
बसने शहरात, संग्रहालयात. तिथली इस्क्रा, अगदी पोरगेलीच. खणातून एकेक हाड काढून तिने आमच्या हाडाशेजारी ठेवलं.

“मावशी, कोंबडीची नळी लांब, सडपातळ. ही बघा – आखूड, रुंद. तेत्रेवच! हजारो वर्षांपूर्वीचा. कुठे मिळाला?”

“नवऱ्याच्या खिशात.”

तिने पेन उचललं. “त्यांचं पूर्ण नाव सांगा. हाडाच्या चिठ्ठीवर, शोधणारा म्हणून, तेच लिहिते.”

बसमध्ये रडले. वर्षभरात पहिल्यांदा लोकांसमोर.

४ नोव्हेंबर
गेर्गिनाला सांगितलं. तिने झाडू खाली ठेवला. “मग मोठ्या अक्षरांत लिही बाई. चिकटवते मी.”

९ नोव्हेंबर
कागद लागला. लोक थांबून वाचतात, टोपी काढतात.

एक गोष्ट त्यावर नाही. पहिलं हाड त्याने, तो गेला त्याच्या आदल्याच दिवशी आणलं होतं. जेवणाच्या टेबलावर ठेवून हात धुवायला गेला. मी ते कुत्र्याला टाकलं.

रागावला नाही. म्हणाला, “असू दे. उद्या दुसरं आणतो.”