खंडूला रस्त्यावर फिरवण्यास मनाई केल्याबद्दल

अंधेरी,
ता. १४ जानेवारी १९५५

प्रति,
मा. जनावर निरीक्षण अधिकारी,
उपनगर विभाग, अंधेरी.

विषय : खंडू नावाचा घोडा कायम बांधून ठेवण्याचा हुकूम रद्द करणेबाबत.
संदर्भ : आमच्या तबेल्याच्या दारावर डकवलेला आपला हुकूम.

महोदय,

खाली सही करणार, कै. डॉ. नीळकंठ रेगे यांची पत्नी, राहणार आंबोली, अर्ज करते तो असा :

१. खंडू हा आमच्या डॉक्टरांच्या गाडीचा घोडा. आंबोलीपासून वर्सोव्यापर्यंत रोगी तपासायला डॉक्टर याच गाडीतून जात. डॉक्टर गेले त्याच वर्षी मी गाडी विकली. तेव्हापासून खंडूला कशालाही जुंपलेले नाही. त्याच्याकडून काम करून घेते हा आपल्या हुकुमातील आरोप खोटा आहे.

२. तो म्हातारा आहे, पुढच्या उजव्या गुडघ्याला संधिवात आहे आणि सकाळी तो लंगडतो, हे मी नाकारत नाही. आमचा मोतद्दार धाकू निर्गुंडीच्या पाल्याने गुडघा शेकतो. खाली पेंढ्याचा जाड थर असतो. नालबंद खूर वाढू देत नाही. अंगावर चरबी चढून सांध्यावर भार येऊ नये म्हणून हरभरा कमी केला आहे, त्याबद्दल खंडू माझ्यावर रुसलेला आहे. पण मुख्य औषध म्हणजे रोज सावकाश चालणे. बांधून ठेवलात तर सांधे धरतील आणि एक दिवस बसला की उठणार नाही, असे पशुवैद्य डॉ. नाडकर्णी यांनी लिहून दिले आहे. थोडे चालला की पाय मोकळा होतो, हे कोणालाही दिसते.

३. आपले निरीक्षक श्री. दशरथ सावे एका सकाळी आमच्या मागून चालले आणि ‘घोडा थकून घरोघरी थांबतो’ असे लिहून गेले. इथेच घोडे पेंड खाते. खंडू थकून थांबत नाही. तो डॉक्टरांच्या जुन्या रोग्यांच्या फाटकांपुढे थांबतो, डॉक्टरांना आत जेवढा वेळ लागे तेवढा उभा राहतो आणि आपणहून पुढे निघतो. कुंदा सामंतांच्या फाटकाशी जास्त थांबतो, कारण त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी डॉक्टर बसून राहत. ती बाई गेली, डॉक्टरही गेले. खंडूला हे कोणी आणि कसे सांगावे? मी हे सारे सावे यांना समजावले. त्यांनी ऐकून घेतले आणि ते म्हणाले, “बाई, हे कारण रकान्यात बसत नाही.”

४. लंगडतो म्हणून चालू नये, हा न्याय असेल तर माझेही दोन्ही गुडघे धरलेले आहेत आणि मलाही रोज चालायला सांगितले आहे. मलाही खुंट्याला बांधावे काय? आमच्या रस्त्याने पहाटे फिरणारे निम्मे पेन्शनर पाय ओढतच जातात. त्यांना कोंडवाड्यात घालणार की कसे, याचा लेखी खुलासा व्हावा.

५. रस्त्यावर दिसल्यास घोडा जप्त करून गोळी घालण्यात येईल, असे आपण कळवले आहे. ते धाकूला वाचून दाखवले, तेव्हापासून तो जेवलेला नाही. मीही घाबरले आहे, खोटे कशाला बोलू? परंतु माझ्या भीतीपायी त्या मुक्या जिवाला जागच्या जागी कुजू देणार नाही. दया म्हणून त्याचे पाय बांधायचे आणि उठेनासा झाला की दया म्हणूनच गोळी घालायची, ही दया आपण आपल्याजवळच ठेवावी.

६. सबब, हुकूम रद्द व्हावा. न झाला तरी मी तो पाळणार नाही. उद्यापासून लगाम मी स्वतः धरीन, म्हणजे धाकूवर बालंट यायचे नाही. उजाडल्यावर आम्ही आंबोलीहून वर्सोव्याच्या रस्त्याला लागतो. जप्तीसाठी माणसे पाठवावीत. आम्ही दोघेही हळू चालतो, गाठायला अवघड जाणार नाही.

आपली,
(या एका बाबतीत नम्र नाही)
वसुधा नीळकंठ रेगे

सोबत :
१) पशुवैद्यांचे पत्र.
२) आपला हुकूम, साभार परत.