गढूळ पाण्याची कड

९ एप्रिल २०१३, वारेन, जर्मनी
म्युरिट्झ तळ्यावरचा बर्फ एकदाचा फुटला. धक्क्याशी नुसते तुकडे, एकमेकांवर घासून काचेसारखे वाजतायत. हिवाळाभर शेडमध्ये बाहेरून आणलेले मासे साफ केले. आता आपल्या तळ्यातले येतील. हेर वेंटनी (मासळीच्या शेडचे मालक, साठी उलटलेले, मोजकं बोलणारे) नेहमीप्रमाणे पश्चिम काठाला जाळी लावली.

१० एप्रिल
एवढ्या जाळ्यांत अकरा मासे. हेर वेंट म्हणाले, "पाणी थंड आहे. थांबायचं." तिकडे मासे घेणाऱ्या रेस्टॉरंटवाल्याचे दोन फोन.
दुपारी डबा घेऊन ओढ्याच्या तोंडाशी बसले. मागच्या उथळ तळ्यातून तपकिरी पाणी येतंय. हात घातला. मग थर्मामीटर दोरीला बांधून सोडला. इथे पाच अंश, धक्क्याशी दोन. उजनीवर माझे वडील, अण्णा, आम्हा पोरांना सांगायचे, गढूळ आणि नितळ पाणी भेटतं त्या कडेला जाळं लावा. तिथे चिलापी मासा, इथे बार्श. दोघांची अक्कल एक असेल का, देव जाणे.
हेर वेंटना सांगितलं. "या, या." जर्मनमध्ये "हो, हो", पण त्यांच्या तोंडी म्हणजे नाही.

११ एप्रिल, पाडवा
बाल्कनीत गुढी. श्रीखंड घरचं. पुण्याहून सासूबाई स्काइपवर. नवऱ्याने, नितीनने, दोन वर्षांपूर्वी त्यांना सांगून ठेवलंय की मी एका फूड कंपनीच्या लॅबमध्ये आहे. आज त्यांनी विचारलं, "लॅबला सुट्टी का गं?" "हो" म्हटलं.
मासे धरणाऱ्याची मुलगी सून म्हणून घरात आली तेव्हा घरात झाला तेवढा वाद पुरे, असं नि.चं म्हणणं. कळतं मला. तरी श्रीखंड गोड लागलं नाही.

१२ एप्रिल
आजही जाळी रिकामी. हेर वेंट स्वतः शेडमध्ये आले. "कुठे म्हणालात तुम्ही?"
"सांगून कळणार नाही. मी येते होडीतून."
दोन वर्षांत होडीत पहिल्यांदाच. पाण्याचा रंग बदलतो त्या रेघेवर जाळं सोडलं. हात आपोआप चालले, मलाच नवल. "कुठे शिकलात?" "घरी."

१३ एप्रिल
सकाळी सहा. बोटं बधिर. पहिलंच जाळं ओढवेना. हेर वेंटना वाटलं बुडालेल्या ओंडक्यात अडकलं. बार्श होते. हिरवट पट्टे, लाल पर, एकाला एक लागून. चौदा क्रेट भरले!
धक्क्यावर रेस्टॉरंटवाला उभा होता, त्याला हेर वेंट म्हणाले, "जागा हिने शोधली." मी पटकन क्रेट उचलायला वाकले. डोळे भरले होते.
माशांच्या काट्यांनी हात फुटलेत. दिवसभर सारखी हातांकडेच बघतेय.

१४ एप्रिल, रविवार
नि. उठायच्या आत सासूबाईंना फोन.
"आई, लॅब-बिब काही नाही. मी मासे साफ करते. काल होडीत बसून जाळंही काढलं."
"नितीनला माहीत आहे?"
"त्यानेच तसं सांगितलं होतं तुम्हाला."
"एवढ्या थंडीत कानाला काही बांधतेस का?"
"टोपी असते."
"टोपीने कान झाकले जात नाहीत." आणि फोन ठेवलाच. रागावल्या की काय, कळलं नाही.
चहाच्या वेळी नि.ला सांगितलं. "मला आधी विचारायचं होतंस."
"तू नको म्हणाला असतास."
"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाला. हसला नाही. पण मग माझे हात उलटसुलट करून बघितले आणि मलम आणून दिलं.

१७ एप्रिल
हेर वेंटनी कागद दिले. फिशरचं आउसबिल्डुंग, म्हणजे मासेमाराचं रीतसर प्रशिक्षण, तीन वर्षं. अधूनमधून शाळेला दुसऱ्या गावी राहावं लागेल. "माझ्यानंतर तळं ओळखणारं कुणी हवं," म्हणाले. माझं वय एकोणचाळीस. सांगितलं त्यांना. म्हणाले, तळं वय विचारत नाही, फॉर्म विचारतो, तिथे लिहा.
संध्याकाळी लेबेन्सलाउफ, म्हणजे बायोडेटा, लिहायला बसले. आईवडिलांचा व्यवसाय हल्ली कुणी लिहीत नाही म्हणे. मी लिहिला. वडील: फिशर. अक्षर जरा मोठंच आलं.
सहीची जागा कोरी आहे. जिन्यात नि.चे बूट वाजतायत. कागद टेबलावरच आहे, झाकला नाही.